मुंबईहून आणलेली टेप

चिखलीत आमच्या शेजारी एक कंपाउंडर राहायचे. मुंबईतला एक रॉक बँड मोडला होता. त्याची कधीच बाहेर न आलेली गाणी ते शोधत असत. बोलतानाही त्यांची बोटं ठेका धरायची. एकदा रजा काढून त्यांनी बँडच्या ड्रमवाल्याकडून टेप आणली आणि सगळ्या गल्लीला ऐकायला बोलावलं. टेपवर नुसतं गिटारच्या तारा जुळवणं आणि चहावरून भांडण होतं.

“गाणं कुठी हाय?” माझ्या वडिलांनी विचारलं.

“गाण्याच्या आधीचं हाय हे, काका. हे कोणीच आयकलं नाही.”

माणसं हळूहळू उठून गेली. कंपाउंडर खाली मान घालून टेप काढू लागले.

“राहू दे. पुन्हा लाव बरं,” वडील म्हणाले.

दुसऱ्यांदा ऐकताना वडिलांनी विचारलं, “हा खोकलला कोण?”

“ड्रमवाला,” कंपाउंडर म्हणाले आणि खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसले.