शमीची रोपं विकणारी बाई

वाटणीत भावाला विहिरीजवळचं रान गेलं आणि माझ्या वाट्याला मुरमाड माळ आला. तो हिरवा करून दाखवायचाच, म्हणून आळेफाट्याच्या एका रोपवाल्या बाईकडून घासाघीस करून शमीची सहा रोपं नेली. महिन्यात पाच मेली. ती उपटून तावातावानं तिच्यापुढे टाकली.

बाई चिडली नाही. तिनं नखानं साल खरवडली, मूळ नाकाशी नेऊन हुंगलं.

"भाऊ, ड्रिप लावलंय न्हवं?"

"रोज दोन तास. टोमॅटोसारखं जपलंय."

"मग तुमीच मारलं. वर आयतं पाणी मिळाल्यावर मूळ खाली कशाला जाईल? कुजलंय बघा."

"बदलून द्या."

"आज न्हाई. जगलंय त्याची नळी काढा. आठवड्याला एक तांब्या, बास. ते टिकलं तर या, पाच फुकट न्या."

मी भांडत राहिलो. ती काटेरी रोपांत खुशाल हात घालून तण काढत होती.

नळी काढून तीन महिने झाले. रोज सकाळी त्या रोपापाशी उकिडवा बसतो. एक पान वाढलेलं नाही, एक गळलेलंही नाही. मूळ कुठवर गेलं असेल, हे उकरून बघायला हात नुसते शिवशिवतात.