हिस्से पाडणारे मामाजी

सकाळी डबा भरत असताना फोनवर 'मामाजी' हे नाव दिसलं आणि मी उचलता उचलताच ओरडले, "नाई आली अजून! आली का मीच फोन करीन ना!" पलीकडून मामाजींची शेजारीण लता बोलली. "बाई... मामाजी गेले पहाटे."

गेले काही महिने माझी सकाळ याच फोननं उजाडायची. "काऊन वं सुमन, आली का माझी गोळी?" मी नाही म्हटलं की लगेच, "घाई नाई म्हना. सहज इचारलं." रोज सहज! त्या दिवशी मात्र माझं ओरडणं ऐकायला मामाजी नव्हते. महिना झाला त्याला.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे भाऊ, कुरखेड्याकडचे, तलावात मासे मारणारे. सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्मापासून अंगात, त्यामुळे सांधे कधी दगा देतील याचा नेम नाही. मी नर्स, आणि एका मोठ्या दवाखान्याचा सिकलसेलच्या नव्या गोळीवरचा अभ्यास सुरू झाला तेव्हा आमच्या गावचं काम माझ्याकडे आलं. पुण्याकडचे तरुण डॉक्टर समजावून सांगायला आले. म्हणाले, नेहमीची औषधं सगळ्यांची सुरूच राहतील. वरून काहींना नवी गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी रिकामी. कोणाला कोणती, हे आम्हालाही माहीत नसेल. नको वाटलं तर कधीही सोडा.

मामाजींनी तंबाखू मळायची थांबवली. "तुमालेबी मालूम नाई?"

"नाही, काका."

"मंग एवढे शिकले कायले?"

तरी सह्या केल्या. गावातल्या सहाही रुग्णांनी केल्या, कारण मामाजींनी केली होती. लता तर तेव्हा काठीशिवाय दारापर्यंत येत नव्हती. "मले फक्त तलावाच्या पाळीवर जाता आलं पायजे," एवढंच ती म्हणाली होती.

इथे आमच्या तलावाची रीत सांगायला हवी. पकडलेले सगळे मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एकत्र ओततात, मग त्याचे हिस्से पाडतात. कोणाच्या जाळ्यात काय आलं, हे कोणी विचारत नाही. आणि जो हिस्से पाडतो, तो सगळ्यांच्या शेवटी उचलतो, म्हणजे त्याचा हात आपसूक सरळ राहतो. गावात हिस्से पाडायचे ते मामाजींनीच.

दर महिन्याला मी गोळ्या मोजायची, हिशेब चोख निघायचा. मी खूश. मग एकदा डॉक्टर स्वतः पाळीवर आले, आणि मामाजींनी छाती फुगवून सांगितलं, "साहेब, इथी काई अन्याय नाई. आमी सगळ्या डब्या दुपट्ट्यावर ओततो, मिसळतो, सहा हिस्से पाडतो. सगळ्यायले थोडी थोडी खरी भेटून राह्यली."

डॉक्टर ओल्या गवतावर मटकन बसले. मला वाटलं, आता यांनाच सलाईन लावावं लागतं. पण माणूस शहाणा. तिथूनच म्हणाले, "काका, एका छोट्या तळ्यात, तुमच्या बोडीत, नवं मत्स्यबीज सोडलं, दुसरीत जुनं, आणि मधली पाळ फोडून पाणी एक केलं, तर कोणतं चांगलं वाढलं हे कसं कळणार?"

मामाजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. म्हणाले, "हे बराबर हाय. चुकलंच आमचं. पन ज्याच्या हिश्शाले रिकामी येईन, त्याचं काय?"

गोळी चांगली ठरली तर अभ्यासानंतर त्यांना खरी मिळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते मामाजींनी त्यांना पाळीवर उभं करून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. वर त्यांचाही हिस्सा पाडला. शुद्ध शाकाहारी माणूस, मरळ हातात धरून जीपपर्यंत असा काही चालत गेला की हसून हसून माझं पोट दुखलं.

मला वरून जी बोलणी खावी लागली ती मी मामाजींना सव्याज परत केली. आमच्या गावाचं तोवरचं सगळं काम बाद झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी ज्याची डबी त्याच्याच घरात. मामाजींना तर नवीन तेज चढलं. "अंगात बैलाचं बळ आलं," म्हणायचे, आणि ते बळ मुख्यतः सरपंचाशी भांडण्यात खर्च करायचे. अभ्यास संपला, गोळी गुणाची ठरली आणि कोणाला काय मिळालं ते उघड झालं. मामाजींची रिकामी.

क्षणभर ते खट्टू झाले. मग म्हणाले, "रिकामीनं एवढं, तं भरलेली काय करीन वं?"

रिकामीवाले चौघं निघाले, त्यात लताही. खऱ्या गोळीच्या डब्या मात्र आल्या तीन. चौथी पुढच्या खेपेला. डॉक्टरांनी वयानं मोठे म्हणून पहिलं नाव मामाजींचं घेतलं. मामाजी जागचे हलले नाहीत. "पहिले त्यायले द्या, साहेब. हिस्से पाडनारा शेवटी उचलते."

डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले, लता रडली. काही उपयोग नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन... "काऊन वं सुमन, आली का?"

म्हणजे हवी होती हो त्यांना. खूप हवी होती.

मामाजी न्यूमोनियानं गेले. गोळीनं ते टळलं असतंच असं नाही, डॉक्टर म्हणतात. नसतंही टळलं. पण ती डबी महिनोन् महिने ज्या कोणत्या टेबलावर अडकून पडली होती, त्या टेबलामागच्या माणसाचा मला राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

डबी आली ती मामाजी गेल्यावर आठ दिवसांनी. नियमानं ती सीलबंद परत पाठवायची, दुसऱ्या कोणाला देता येत नाही. परत करायच्या आधी मी ती पर्समध्ये घालून पाळीवर गेले. का गेले, मलाच ठाऊक नाही. मासे ओतलेले होते आणि पदर खोचून, काठीबिठी काही न घेता, लता हिस्से पाडत होती.

एकेकानं आपापला उचलला. शेवटी दोन उरले, एक लताचा आणि एक मामाजींचा. मी त्यांची भाची, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले.

"उचला, बाई," लता म्हणाली. "तुमी उचलल्याबिगर मले उचलता येत नाई."