उंबऱ्याकडे वळलेल्या चपला

भुताखेताची बातमी माझ्या टेबलावरून पुढे कधी गेली नाही. कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, एवढं विचारलं की बातमीदार स्वतःच कागद मागे घ्यायचा. मला अजूनही या गोष्टी पटत नाहीत. तरी लिहितोय...

दौलताबाद रस्त्यापासून थोडी आत एक जुनी खानकाह आहे – सुफी साधूंचा मठ. दुरुस्तीनंतर तिथं चित्रप्रदर्शनं भरतात, गाण्याच्या बैठका होतात. चपला दाराबाहेर, भिंतीआडच्या अंगणात काढायच्या. दार एकच.

माझ्या मुलीच्या, मृणालच्या, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. तिला पुण्यात एक नोकरी मी शब्द टाकून मिळवून दिली होती. दुसऱ्या दिवशी तिला रुजू व्हायचं होतं. दुपारी मी तिला न्यायला गेलो. ती, मी आणि राखणदार रशीदभाई, तिघांनी मिळून चित्रं बांधली.

पहिला गठ्ठा घेऊन बाहेर आलो, तर माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या. मृणालच्या मात्र काढल्या तशाच, उंबऱ्याकडे.

“रशीदभाई, कुणी फिरवल्या?”

“मी तर तुमच्यासंगंच व्हतो, साहेब. पण पहिले इथं रीत व्हती. मेहमानाच्या चपला फिरवून ठेवायचे, निघताना सोपं जावं म्हणून. ज्याला रोखायचं, त्याच्या नाय फिरवायचे.”

“म्हणजे पप्पांना हाकललं,” मृणाल हसली.

मी वाकून तिच्या चपला रस्त्याकडे वळवल्या. अंगणाच्या फाटकाला आतून कडी घातली. तिघंही उरलेली चित्रं आणायला आत गेलो. परत आलो, तर कडी तशीच – आणि तिच्या चपला पुन्हा उंबऱ्याकडे.

“वारा असेल,” मी म्हणालो.

“वारा काय माणूस बघून फिरवतो व्हय?” रशीदभाई म्हणाले.

मृणाल आता हसत नव्हती. ती उंबऱ्यावर बसली.

“पप्पा, मला नाही जायचं पुण्याला. मला चित्रंच काढायचीत.”

“हे आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलं कुठं? एकदम रुजू व्हायची तारीखच सांगितलीत.”

वारा, कुत्रं, कुणाची थट्टा... सगळं तपासून पाहिलं. बंद फाटकापुढे एकही टिकत नाही. रशीदभाईंवर संशय घ्यावा, तर दोन्ही वेळा ते माझ्या नजरेसमोर होते.

मृणालनं गठ्ठ्याची दोरी सोडली आणि एक चित्र उचलून अनवाणीच आत नेलं. माझ्या चपला रस्त्याकडे तयार होत्या. त्यांत पाय सरकवले आणि एकटाच निघालो.