शेंगदाण्याच्या दुधाची खीर

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मी कॉलेजातून सुट्टीवर सोनाळ्याला आलो होतो आणि ताईला पाहायला पाहुणे आले होते. वाटेत त्यांच्या बैलगाडीत बसून आलेली ही अनोळखी बाई पाणी प्यायला आमच्या चुलीपाशी आली.

आमची म्हैस आटली होती. शेजारून मिळालेलं दूध जेमतेम तांब्याभर. आई खिरीत पाणी ओतत होती आणि डोळे पुसत होती.

"पाणी घाल माय, पण रडून काऊन राह्यली?" असं म्हणून बाईनं पदर खोचला. शेंगदाणे गरम पाण्यात भिजवले, सोलले, पाट्यावर लोण्यासारखे वाटले. फडकं मी धरलं, तिनं पिळलं. ते पांढरं दूध ती पळीपळीनं खिरीत घाली आणि दर वेळी पळी तिरपी करून धार पाही.

पंगतीत मुलाच्या काकांनी वाटी पुढं केली. "अजून वाढा. म्हैस किती दूध देते हो तुमची?"

आईचा हात थांबला.

"खीर खाऊन राह्यले का म्हैस इकत घेऊन राह्यले, बुवा?" बाई दारातून म्हणाली. पंगत हसली.

त्या हसण्यानंच आईला बळ आलं असावं. ती मोठ्यानं म्हणाली, "म्हैस आटली हाय. हे शेंगदाण्याचं दूध हाय."

काकांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "मंग पोरगी आमच्याच घरी द्या. आमची म्हैस तं कवाचीच आटली हाय!"