भोंग्याच्या वेळेचं घड्याळ

मंडळी, आजचा राग आजच सांगून मोकळा होतो. उद्या परत गिरणीत तोंड मिटून उभं राहायचं आहे.

आयुष्यात पहिल्यांदा चैन केली. मनगटी घड्याळ घेतलं. माझं मन खरं तर ग्रामोफोनवर होतं, पण बायको म्हणाली, "घड्याळच घ्या की. भोंगा चुकंल म्हणून रातभर दचकून उठताय." काल ते स्टेशनच्या मोठ्या घड्याळाशी जुळवून आणलं आणि रात्री निवांत झोपलो.

सकाळी वेळेच्या आधी गिरणीच्या फाटकाशी पोचलो, तर भोंगा वाजून गेलेला आणि फाटक बंद. जॉबरला, म्हणजे आमच्या खात्यावरच्या मुकादमाला, मनगट दाखवलं. "स्टेशनचा टाइम हाय ह्यो. अजून वेळ हाय की!"

तो हसला. "मग जा, रेल्वेत काम कर. हितं भोंगा वाजला की वेळ झाली. बायकांवाणी मनगटात मिरवायची चैन सुचतीया व्हय?" आणि माझा खाडा मांडला.

तेवढ्यात साहेबांची मोटार आली. फाटक सताड उघडलं. त्यांच्याही मनगटावर घड्याळ होतं. त्यांना कुणी वेळ विचारली नाही.

मला परत आलेला बघून बायको म्हणाली, "घड्याळ बिघडलं व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

मग दुपारचा भोंगा वाजला, तेव्हा काटे पुढं सरकवून घेतले. आता ते गिरणीइतकंच खोटं चालतंय.

मंडळी, तुमच्यात कुणाचं घड्याळ अजून स्टेशनच्या वेळेवर आहे का?