चूकवहीतली शेवटची नोंद

हरेश्वर नाखवा गेल्याचा फोन मला आला, तो त्यांचा उजवा हात मोडणाऱ्याकडूनच. "बाई, आबा गेलं. सकाली चा पिता पिता गेलं," जगदीश म्हणाला. नाखवांना मूलबाळ नव्हतं. हा पुतण्याच काय तो जवळचा, त्यामुळे अग्नीही त्यानेच दिला. दीड महिना होऊन गेला, पण मला त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की उरणच्या त्या स्मशानात माझं लक्ष चितेकडे नव्हतंच. मी जगदीशच्या मनगटाकडे बघत होते. याच हाताने वल्हं उचललं होतं, आणि आता याच हाताने हा पाणी सोडतोय... इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही.

आमचं अठराव्या शतकाचं अभ्यासमंडळ म्हणजे पनवेलमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, पंधराएक खुर्च्या आणि मी चिटणीस. महिन्याला एक निबंध, तीन महिन्यांनी एक वार्तापत्र, हिवाळ्यात एखाद्या किल्ल्याची सहल. बाकी वेळ तोफेच्या मापावरून भांडणं. त्यात नाखवा आले ते न्हावा शेव्याच्या बंदरावरून निवृत्त होऊन. आयुष्यभर कंटेनरचे नंबर टिपलेला माणूस. साठीत मोडी शिकला आणि आम्हा पदवीवाल्यांच्या पुढे गेला. पहिल्याच सभेत त्यांनी मला सुनावलं, "बाई, बंदरावर नंबर चुकला तं आमी तवाच कबूल करायचो. नायतर माल भलत्याच देशात जायचा. तुमी इतियासवाले कवा कबूल करता?" तेव्हापासून मंडळात चूकवही आली. ज्याच्या जुन्या निबंधात चूक सापडेल त्याने सभेच्या सुरुवातीला उभं राहून ती वाचायची, वहीत लिहायची, खाली सही करायची. आधी चूक, मग चहा. भले भले या वहीपायी मंडळ सोडून गेले, आणि खरं सांगते, काहींचं जाणं मला बरंच वाटलं.

नाखवांचा गाजलेला निबंध एका फाटक्या पत्रावर होता. कुणी मंडळाला दिलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यांना ते सापडलं. किल्ल्यावरच्या कारकुनाने वर कळवलेली हकिकत. खाडीकाठचं एक गाव पहाटे होड्यांनी घेरलं, घरांना बाहेरून कड्या घालून आग लावली, जे पुरुष बाहेर पडले त्यांचे उजवे हात मनगटापासून तोडले, म्हणजे पुन्हा वल्हं धरता येऊ नये. बायका होड्यांत घातल्या. गावाच्या नावाचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता, पण विहिरी, देवीचं देऊळ, खडक, सगळ्या खुणांवरून नाखवांनी ते आपलंच गाव ठरवलं. वाचताना त्यांचा आवाज फुटला होता. वार्तापत्राचा तो अंक हातोहात संपला. जगदीशचे चार ट्रेलर कळंबोलीहून चालतात, पैसा आहे, गावात वजन आहे. त्याने धक्क्यावर त्या बळींच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी बसवली. दरवर्षी नारळ, ढोल, भाषणं. पुतण्याला काकाचा कोण अभिमान!

सहा वर्षांनी दुसऱ्याच गठ्ठ्यात त्या पत्राचं दुसरं पान निघालं. अक्षर तेच, शाई तीच. जळालेलं गाव पलीकडच्या तीरावरचं होतं. आणि होड्या गेल्या होत्या त्या नाखवांच्या गावातून. म्होरक्याचं आडनाव नाखवा.

पान घेऊन ते माझ्या घरी आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि चक्क म्हणाले, "ठेवून द्या. कोण बघणार आहे?" वहीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, आणि मीच असं बोलले. त्यांनी पान टेबलावर नीट पसरलं. मग म्हणाले, "बाई, त्या मान्सांचे हात आमीच तोरले. आन नारल आमालाच फोरतान. ह्ये चालल काय?"

पुढच्या सभेत त्यांनी चूक वाचली, सही केली. मग गावात जाऊन पाटी काढा म्हणाले. भर दुपारी धक्क्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमध्ये जगदीशने त्यांना गाठलं आणि होडीतलं वल्हं उचललं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा शर्ट रक्ताने कडक झाला होता, कानामागे टाके पडले होते आणि कोपराखालचं हाड कातडी फाडून वर आलं होतं. समोर पोलीस जबानी घ्यायला बसलेला. नाखवा म्हणाले, "शेवालावरून घसरलो." मी तोंड उघडणार तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि कागदावर मात्र शेवाळ. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. ते डाव्या हाताने लिहायला शिकले. जगदीशचं नाव माझ्याकडे त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी चूकवही उघडली. शेवटच्या पानावर वाकडी, लहान मुलासारखी अक्षरं होती. "पोलिसांना दिलेल्या माझ्या जबानीत चूक आहे. मी घसरलो नाही. पुतण्या जगदीश याने वल्ह्याने दोन फटके मारले. शिक्षा नको. नोंद हवी." खाली सही. कुठल्या सभेत वही हाती असताना लिहिलं, देव जाणे. वही परत कपाटात ठेवावी असं एकदा पुन्हा मनात आलं, हेही इथे कबूल करते.

सभेला जगदीश आला होता, पांढऱ्या शर्टात, शेवटच्या रांगेत. फोटोला हार घातल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आधी चूक." आणि वाचलं. जगदीश उठला, खुर्च्या सरकवत पुढे येऊ लागला. मला वाटलं, आता हा मला मारणार.

तो टेबलापाशी थांबला. वहीकडे बघत राहिला. "बाई, ह्ये चूक हाय," तो म्हणाला. "दोन फटक्यांत आबा बेसुद परलं. त्यांना म्हाईत नाय. मंग मी आजून दोन मारलं. चार लिवा."

मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण शिरस्त्याप्रमाणे वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने पेन घेतलं, आणि त्याला ते धरताच येईना. शेवटी मीच "दोन" खोडून वर "चार" लिहिलं. सही त्याने केली. तिथे कोपऱ्यावर शाई फुटली आहे. मी ती तशीच ठेवली आहे.