हिरव्या शिंगांचे बैल

देवीवर मी तेव्हा रुसले होते, हे आधीच सांगते. माहेरापासून माझी भक्ती योगेश्वरीची. पण पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि हे फौजेत सरहद्दीवर असताना मला सासऱ्यांबरोबर ऊसतोडीला जावं लागलं. यांना तेवढं सुखरूप ठेव, नाहीतर तुझं तोंड बघणार नाही, असं तिला ऐकवून मी घराला कुलूप लावलं.

त्याआधी पोळ्याला हे सुट्टीवर आले होते. बैलांच्या शिंगांना लाल हिंगूळ लावायचा, तर यांनी आपली ट्रंक रंगवून उरलेला हिरवा रंग फासला. सासरे चिडले, "आरं, बैल हायत का पोपट?" आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं शेवटचं ठरलं.

हे गेल्याची बातमी गावी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. ठरलेल्या साखर कारखान्याकडचा ऊस दुष्काळानं लवकर संपला, म्हणून आमची टोळी दुसरीकडे गेली होती. गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि आमच्याजवळ फोन नव्हता. तिकडून यांचा देह निघाला होता आणि मी मोळ्या बांधत होते.

वडवणीचे एक निवृत्त सुभेदार हे ऐकून जीप घेऊन निघाले. ते आमचे कुणी नव्हते, पण फौजीच्या घरावर वेळ आली की धावायचं, हा त्यांचा नेम होता. शेजारच्या म्हातारीनं त्यांना खूण सांगितली होती, बैलांची शिंगं हिरवी. एकेक कारखाना पालथा घालत ते आमच्या बैलगाड्यांच्या रांगेत आले आणि थांबले.

"बाई, ही शिंगं कुणी रंगवली?"

"आमच्या मालकानं. कावून?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला सगळं कळलं. "चल माय," ते म्हणाले, "समदे तुझ्यासाठी थांबल्यात."

गावात जाणती माणसं दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायला सांगत होती, पण सोबत आलेले जवान मी येईपर्यंत हलले नाहीत. मला यांचा चेहरा दिसला. कपाळावरून हात फिरवता आला.

मी मागितलं ते देवीनं दिलं नाही. का दिलं नाही, हे आता विचारत नाही. पण त्या रांगेत सुभेदारांना तिनंच आणलं, असं मला वाटतं, आणि मी पुन्हा तिच्यापुढे दिवा लावते.

पुढच्या पोळ्याला सासऱ्यांनी हिंगूळ बाजूला सारला. "सूनबाई, त्याचा रंगाचा डबा आण." डबा उघडला तर वर जाड साय धरली होती. मी ती काडीनं फोडली. खाली दोन बैलांपुरता रंग अजून ओला होता.